ओव्हरकॉल

ओव्हरकॉल ही कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील एक संज्ञा आहे. एका जोडीने बोलीची सलामी दिल्यानंतर प्रतिस्पर्धी जोडीतील खेळाडू तिच्यापेक्षा वरचढ अशी जी पहिली बोली देतो, तिला ओव्हरकॉल म्हणतात. मराठीत तिला प्रतिबोली म्हणता येईल. मात्र खेळाडूंमध्ये मूळ शब्दच रूढ आहे.

सलामी देणारा खेळाडू बहुधा ठरावीक बळ हाती असल्याशिवाय बोलत नाही. ओव्हरकॉल देणाऱ्याची स्थिती वेगळी असते. समोरच्या एका खेळाडूकडे चांगली पाने आहेत हे त्याला कळलेले असते आणि आपल्या जोडीदाराकडे काय आहे हे कळलेले नसते. अशा वेळी बोलावे की पास म्हणावे, हा ब्रिजमधील वारंवार उद्भवणारा आणि कठीण निर्णय मानला जातो. हा निर्णय केवळ हातातील गुण मोजून होत नाही. बोली यशस्वी झाली तर काय मिळेल, फसली तर काय जाईल आणि गप्प राहिल्यास काय गमवावे लागेल, या तीन गोष्टींची तुलना त्यासाठी करावी लागते.

पार्श्वभूमी

ब्रिज चार खेळाडूंमध्ये, दोन जोड्यांत खेळला जातो. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे जोडीदार असतात. ५२ पाने प्रत्येकी १३ याप्रमाणे वाटली जातात. प्रत्येकाने एकेक पान टाकून पूर्ण होणाऱ्या चार पानांच्या फेरीला मराठीत हात म्हणतात. एका डावात असे १३ हात होतात. खेळापूर्वी बोली लागते. बोलीतला आकडा हा सहाच्या वर किती हात करणार याची हमी असतो. ‘दोन बदाम’ याचा अर्थ बदाम हा हुकूम ठेवून आठ हात करणे. रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा असून हुकूम नसलेली नो ट्रम्प ही बोली त्या सर्वांच्या वर असते. शेवटची बोली हा करार ठरतो. तो पूर्ण झाला तर गुण मिळतात. जितके हात कमी पडतील तितका दंड प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात जमा होतो. प्रतिस्पर्ध्याने डबल म्हटल्यास दंड बराच वाढतो.

पानांचे बळ मोजण्यासाठी एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण देतात. संपूर्ण पत्त्यांत असे ४० गुण असतात. मिल्टन वर्क याच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे चार्ल्स गोरेन याने जगभर लोकप्रिय केली.

हुकूम या शब्दाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावापुरता श्रेष्ठ ठरलेला रंग. ‘हुकमाचा एक्का’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हिंदी-उर्दूत मात्र इस्पिक या रंगालाही हुकुम म्हणतात. नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांत मराठीबरोबर दखनी उर्दूही कानावर पडते, त्यामुळे तेथे नवशिक्या खेळाडूचा गोंधळ होऊ शकतो. प्रस्तुत लेखात हा शब्द मराठी अर्थानेच वापरला आहे.

महाराष्ट्रात घरोघरी खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोट या खेळातही चौघे, दोन जोड्या आणि हुकूम असतो. तथापि त्यात किती हात करणार याची चढती बोली नसते. ब्रिज वेगळा ठरतो तो या बोलीमुळे, आणि ओव्हरकॉलचा प्रश्नही तिच्यातूनच निर्माण होतो.

इतिहास

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजपूर्वी ऑक्शन ब्रिज हा प्रकार प्रचलित होता. त्यात बोलीपेक्षा जास्त झालेले हातही गेमसाठी धरले जात. त्यामुळे बोलीची पातळी अचूक ठरवण्याला आजच्याइतके महत्त्व नव्हते. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकी धनिकाने ‘फिनलंड’ या जहाजावरील प्रवासात गुणलेखनाची नवी पद्धत आखली. जेवढे बोलले तेवढेच गेमसाठी धरायचे, हे तिचे मुख्य सूत्र होते. गेम जिंकलेल्या जोडीला अधिक मोठी बक्षिसे व अधिक मोठे दंड लागू करण्याची कल्पनाही याच पद्धतीने रूढ केली. अशा जोडीला व्हल्नरेबल म्हणतात. हा शब्द जहाजावरील एका तरुणीने सुचवला, असे व्हँडरबिल्टने नमूद केले आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘जोखमीत असणे’ असा शब्दप्रयोग केला आहे. स्पर्धात्मक ब्रिजमध्ये कोणती जोडी जोखमीत आहे हे प्रत्येक डावासाठी आधीच ठरलेले असते.

या बदलामुळे ओव्हरकॉलची किंमत डावागणिक बदलू लागली. १९३० च्या दशकात ईली कल्बर्टसन याने ‘दोन आणि तीनचा नियम’ प्रचारात आणला. जोडीदाराकडे काहीच नाही असे गृहीत धरून स्वतःच्या पानांवर जितके हात होतील, त्याहून जोखमीत असताना फार तर दोन आणि जोखमीत नसताना फार तर तीन हात जास्त बोलावे, असा हा नियम आहे. तो पाळल्यास डबल होऊनही दंड ५०० च्या आसपास थांबतो.

१९५७ मध्ये ॲल्व्हिन रॉथ याने निगेटिव्ह डबल ही पद्धत मांडली. त्याच वर्षी सोडलेल्या रशियन उपग्रहामुळे तिला सुरुवातीला ‘स्पुटनिक’ हे नाव पडले. या पद्धतीत ओव्हरकॉलनंतर सलामीवाल्याच्या जोडीदाराने दिलेली डबल दंडासाठी नसते. न बोललेले रंग आपल्याकडे आहेत असे ती सांगते. त्यामुळे ओव्हरकॉलला तात्काळ शिक्षा होणे कमी झाले, पण धोका टळला नाही. हुकमाची चांगली पाने असलेला खेळाडू शांतपणे पास म्हणतो, सलामीवाला पुन्हा डबल म्हणतो आणि पहिला खेळाडू पुन्हा पास म्हणून ती डबल दंडाची करतो. ओव्हरकॉलनंतर लगेच पास आला म्हणजे संकट टळले, असे म्हणूनच समजता येत नाही.

१९८७ च्या नियमावलीत, जोखमीत नसलेल्या जोडीचा डबल झालेला करार चार किंवा अधिक हातांनी पडल्यास होणारा दंड वाढवण्यात आला. पूर्वी चार हात कमी पडल्यास ७०० गुण जात. त्यानंतर ८०० जाऊ लागले.

ओव्हरकॉलचे हेतू

ओव्हरकॉल चार कारणांसाठी दिला जातो.

पहिले कारण, करार आपल्याकडे खेचणे. दोन्ही जोड्यांचे बळ जवळजवळ सारखे असेल तर जो रंग वरचा आणि ज्या जोडीकडे त्याची पाने अधिक, ती जोडी डाव जिंकते.

दुसरे कारण, उतारीचे मार्गदर्शन. करार शेवटी प्रतिस्पर्ध्यांकडे गेला तरी पहिले पान कोणत्या रंगाचे उतरावे हे जोडीदाराला कळते. तीन नो ट्रम्पसारख्या करारात या एका पानावर डावाचा निकाल फिरू शकतो.

तिसरे कारण, प्रतिस्पर्ध्यांची जागा खाणे. एक किलवर या सलामीवर एक इस्पिक बोलल्यास पुढच्या खेळाडूची एक चौकट व एक बदाम या दोन्ही बोल्यांची वाट बंद होते. एक चौकटवर दोन किलवर बोलल्यासही एक बदाम व एक इस्पिक बोलता येत नाही. याउलट एक किलवरवर एक चौकट बोलल्याने प्रतिस्पर्ध्यांची काहीच जागा जात नाही. तेथे ओव्हरकॉलला दुसरे सबळ कारण असावे लागते.

चौथे कारण, बलिदानाची तयारी. प्रतिस्पर्धी जोखमीत असताना त्यांचा चार बदामचा करार ६२० गुणांचा असतो. आपण जोखमीत नसताना चार इस्पिक बोलून, डबल होऊन, तीन हात कमी पडले तर ५०० जातात. म्हणजे १२० गुणांचा फायदाच होतो. चार हात कमी पडले तर ८०० जातात आणि तोच डाव १८० गुणांच्या तोट्यात जातो. एका हाताच्या अंदाजावर असा निकाल अवलंबून असतो.

निर्णयाचे निकष

रंगाची लांबी व प्रत. ओव्हरकॉलसाठी किमान पाच पानांचा रंग असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ऑस्ट्रेलियन लेखक रॉन क्लिंगर याने यासाठी सोपी कसोटी दिली आहे. रंगातील पानांची संख्या आणि त्याच रंगातील मोठ्या पानांची संख्या यांची बेरीज करावी. ती जेवढी येईल तितक्या हातांपर्यंतच बोलावे. एक्का, राजा व राणी ही मोठी पाने धरतात. गुलाम व दश्शी त्यांच्याहून मोठे पान सोबत असेल तरच मोजतात. दोनच्या पातळीवर, म्हणजे आठ हातांसाठी, ही बेरीज किमान आठ यावी.

पातळी. एकच्या पातळीवर आठ-नऊ गुण व चांगला रंग पुरेसा मानतात. दोनच्या पातळीवर एक हात जास्त करावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्यांना डबल करणे अधिक सोयीचे होते. म्हणून तेथे रंग अधिक भक्कम, शक्यतो सहा पानांचा, आणि सलामीच्या तोडीचे बळ अपेक्षित असते.

जोखमीची स्थिती. आपण जोखमीत नसून प्रतिस्पर्धी जोखमीत असतील तर ओव्हरकॉल सर्वांत स्वस्त पडतो. याउलट स्थितीत तो सर्वांत महाग असतो.

आसन. सलामीनंतर लगेच बोलणारा खेळाडू थेट आसनावर असतो. त्याच्या हाती १२ गुण आणि सलामीवाल्याकडे सुमारे १३ गुण धरल्यास उरलेले १५ दोघांत वाटलेले असतात. जोडीदाराकडे सरासरी सात-आठ येतात. दोन्ही प्रतिस्पर्धी बोलल्यानंतर मध्ये सापडलेल्या खेळाडूचे आसन सर्वांत धोक्याचे असते. सलामीवाल्याचे १३, उत्तर देणाऱ्याचे किमान ६ आणि स्वतःचे १० वजा केल्यास जोडीदाराकडे जास्तीत जास्त ११ उरतात, आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी असतात. शिवाय दोघांनाही एकमेकांच्या बळाचा अंदाज आलेला असल्याने डबल करणे त्यांना सोपे जाते.

सलामी एक बदाम, नंतर दोन पास, आणि बोली चौथ्या खेळाडूकडे आली तर चित्र उलटते. उत्तर न देणाऱ्याकडे सहापेक्षा कमी गुण असणार. चौथ्याकडे ९ असतील तर त्याच्या जोडीदाराकडे १३ च्या आसपास गुण असू शकतात. योग्य रंगाअभावी किंवा बदामाचीच लांबी असल्याने त्याने पास म्हटलेले असते. म्हणून या आसनावर एका राजाइतके, म्हणजे तीन गुण कमी असले तरी बोलावे, असा संकेत आहे.

सलामीच्या रंगातील पाने. प्रतिस्पर्ध्याच्या रंगातील राणी किंवा गुलाम बचावात उपयोगी पडतो, पण आपला करार खेळताना बहुधा वाया जातो. असे गुण ओव्हरकॉलसाठी कमी धरावेत. त्या रंगात एखादेच पान असणे मात्र अनुकूल मानतात.

उदाहरण

उजव्या हाताच्या खेळाडूने एक इस्पिक अशी सलामी दिली असून आपली जोडी जोखमीत आहे, असे समजू. पुढील दोन्ही हातांत नेमके १२ गुण आहेत.

पहिला हात
इस्पिक : ७, ४
बदाम : एक्का, राणी, गुलाम, १०, ९, ६
चौकट : राजा, राणी, ३
किलवर : ६, २

दुसरा हात
इस्पिक : राणी, ७, ४
बदाम : राजा, ८, ६, ४, २
चौकट : राजा, गुलाम
किलवर : राणी, गुलाम, ५

पहिल्या हातावर दोन बदाम हा ओव्हरकॉल योग्य आहे. बदामाची सहा पाने व चार मोठी पाने यांची बेरीज दहा येते. जोडीदाराकडे काहीच नसले तरी बदामाचे पाच आणि चौकटचा एक असे सहा हात दिसतात. आठची हमी देताना दोन हात कमी, म्हणजे कल्बर्टसनच्या मर्यादेतच हे बसते.

दुसऱ्या हातावर पास म्हणणेच योग्य. बदामाची पाच पाने आणि एकच मोठे पान, बेरीज सहा. इस्पिकची राणी सलामीवाल्याच्या रंगात अडकलेली आहे. चौकटचे राजा-गुलाम एकटे-दुकटे आहेत. उरलेल्या आठ बदामांपैकी चार-पाच मोठी पाने डावीकडच्या खेळाडूकडे असली तर तीन-चार हात होणेही अवघड. एकंदर गुण सारखे असूनही पहिल्या हाताचे बळ एका रंगात एकवटलेले आहे, दुसऱ्याचे विखुरलेले आहे. विखुरलेले बळ बचावात कामी येते, ओव्हरकॉलमध्ये नाही. नवशिके खेळाडू नेमके उलटे वागतात: १२ गुण दिसले म्हणून दुसऱ्या हातावर बोलतात आणि आठ-नऊ गुणांचा भक्कम रंग हाती असताना गप्प राहतात.

नफा-तोट्याचा हिशेब

संघ-सामन्यात तोच डाव दोन टेबलांवर खेळला जातो आणि दोन निकालांतील फरक आयएमपी या एककात बदलला जातो. दुसऱ्या टेबलावर आपल्या बाजूने पास म्हटले आणि प्रतिस्पर्ध्यांनी दोन इस्पिक पूर्ण करून ११० गुण मिळवले, असे धरू. आपल्या टेबलावर दोन बदाम बोलल्यास होणारे निकाल असे:

करार पूर्ण झाला : ११० गुण मिळाले, फरक २२०, नफा ६ आयएमपी
जोखमीत नसताना डबल, दोन हात कमी : ३०० गेले, फरक १९०, तोटा ५ आयएमपी
जोखमीत नसताना डबल, तीन हात कमी : ५०० गेले, फरक ३९०, तोटा ९ आयएमपी
जोखमीत असताना डबल, दोन हात कमी : ५०० गेले, फरक ३९०, तोटा ९ आयएमपी
जोखमीत असताना डबल, तीन हात कमी : ८०० गेले, फरक ६९०, तोटा १२ आयएमपी

यश म्हणजे ६ चा नफा आणि अपयश म्हणजे जोखमीत असताना तीन हातांचा फटका, असे दोनच शक्य निकाल मानले तर हा ओव्हरकॉल तीनपैकी दोनदा यशस्वी झाला तरच बरोबरी होते. जोखमीत नसताना तीन हातांचा फटका धरल्यास पाचपैकी तीनदा यश पुरते. दोनच हातांचा फटका धरल्यास अकरापैकी पाचदा यश आले तरी भागते. प्रत्यक्षात निकाल याहून विविध असतात, कारण डबल न होता एखादा हात कमी पडणे, प्रतिस्पर्धी एक पातळी वर ढकलले जाऊन पडणे, अशाही शक्यता असतात. तरीही या हिशेबावरून एकच हात एका डावात बोलण्याजोगा आणि पुढच्या डावात पास म्हणण्याजोगा का ठरतो, हे स्पष्ट होते.

जोड्यांच्या स्पर्धेत गणित आणखी बदलते. तेथे निकाल किती गुणांनी चांगला यापेक्षा किती जोड्यांपेक्षा चांगला हे पाहिले जाते. ८०० गेले काय आणि १४०० गेले काय, नुकसान एकाच डावापुरते राहते. म्हणून तेथे खेळाडू अधिक धीटपणे ओव्हरकॉल देतात. मात्र जोखमीत असताना २०० चा दंड तेथे विशेष घातक असतो. छोट्या करारात प्रतिस्पर्ध्यांना साधारण ११० किंवा १४० मिळतात, आणि २०० देणारी जोडी त्या सर्वांच्या खाली जाते.

पास म्हणण्याची किंमत

ओव्हरकॉल फसला की नुकसान गुणपत्रकावर ठळक दिसते आणि बोलणाऱ्याला त्याची आठवण राहते. पास म्हटल्यामुळे झालेले नुकसान असे दिसत नाही. जोडीदाराने चुकीचा रंग उतरला आणि तीन नो ट्रम्प पूर्ण झाला, किंवा प्रतिस्पर्ध्यांनी निर्वेध बोली लावत नेमका करार गाठला, तर त्याचे खापर बहुधा नशिबावर फोडले जाते. अनेक डावांचा एकत्रित विचार केल्यास अतिसावध जोडीचे नुकसान थोडेथोडे होत राहते, तर बेफिकीर जोडीचे क्वचित पण मोठे होते. पास हीदेखील एक निवड आहे आणि तिलाही किंमत पडते, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा लागतो.

जोडीदाराची भूमिका

ओव्हरकॉल हा मुख्यतः जोडीदाराला दिलेला निरोप असतो. जोडीदाराकडे त्या रंगाची तीन पाने असली तर हुकमाची एकूण आठ पाने झाली, असे धरून तो पाठिंबा देतो. झाँ-रने व्हेर्न या फ्रेंच अभ्यासकाने १९६० च्या दशकात मांडलेला आणि अमेरिकी खेळाडू लॅरी कोहेन याने १९९२ च्या पुस्तकाने लोकप्रिय केलेला ‘एकूण हातांचा नियम’ येथे उपयोगी पडतो. दोन्ही जोड्यांनी आपापला उत्तम रंग हुकूम ठेवल्यास होणाऱ्या हातांची बेरीज ही दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांच्या बेरजेइतकी असते, असे हा नियम सांगतो. तो सरासरीने खरा ठरतो, प्रत्येक डावात नव्हे. त्यावरून आपल्याकडे हुकमाची नऊ पाने असतील तर तीनच्या पातळीपर्यंत जाणे सहसा सुरक्षित, असा व्यवहारी संकेत निघाला. चांगल्या बळासह पाठिंबा द्यायचा असल्यास जोडीदार प्रतिस्पर्ध्याचाच रंग बोलून तसे सुचवतो. त्यामुळे थेट उडी मारून दिलेला पाठिंबा हा पाने भरपूर पण बळ कमी असल्याचे दर्शवतो.

ही सर्व यंत्रणा विश्वासावर चालते. एखादा खेळाडू फुसक्या रंगावर वारंवार ओव्हरकॉल देऊ लागला तर जोडीदार पाठिंबा देताना कचरतो, त्या रंगाची उतारी करताना साशंक होतो आणि चांगल्या ओव्हरकॉललाही अपुरे उत्तर देतो. धोक्याच्या ओव्हरकॉलचे नुकसान अशा रीतीने त्या डावापुरते राहत नाही. म्हणूनच अनुभवी जोड्या आपल्या ओव्हरकॉलची किमान मर्यादा आधी आपसांत ठरवतात आणि नियमानुसार प्रतिस्पर्ध्यांनाही ती कळवतात.

इतर पर्याय

प्रत्येक चांगल्या हातावर ओव्हरकॉल हेच उत्तर नसते. सलामीच्या रंगात कमी आणि इतर तीन रंगांत पुरेशी पाने असल्यास टेकआउट डबल दिली जाते. साध्या ओव्हरकॉलची वरची मर्यादा साधारण १६ गुणांची मानतात. त्याहून बलवान हातावर प्रथम डबल व नंतर स्वतःचा रंग बोलतात. समतोल १५ ते १८ गुण आणि सलामीच्या रंगात रोखणारे पान असल्यास एक नो ट्रम्प बोलतात. दोन लांब रंग असल्यास मायकल्स क्यू-बिड किंवा ‘अनयुज्युअल टू नो ट्रम्प’ या संकेतांचा वापर होतो. बळ कमी पण रंग लांब असल्यास उडी मारून दिलेला ओव्हरकॉल प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवतो. सलामीच्या रंगातच आपली लांब व चांगली पाने असतील तर पास म्हणून त्यांना पुढे जाऊ देणे शहाणपणाचे ठरते.

नियम व शिष्टाचार

निर्णय अवघड असला तरी तो घेताना लागणाऱ्या वेळेवर बंधन आहे. बराच विचार करून पास म्हणणाऱ्याच्या हाती काहीतरी आहे, हे टेबलावरील सर्वांना कळते. अशा विलंबातून मिळालेली माहिती जोडीदाराने वापरणे ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निषिद्ध आहे. त्याच्यापुढे एकापेक्षा अधिक योग्य पर्याय असतील तर विलंबाने सुचवलेला पर्याय त्याने टाळावा लागतो. म्हणून सीमारेषेवरील हातांबाबतचे धोरण टेबलावर बसण्यापूर्वीच पक्के असणे इष्ट असते. फसवी बोली देण्याची मुभा नियमांत आहे; मात्र ती जोडीदारालाही तितकीच अनपेक्षित असली पाहिजे.

भारतातील संदर्भ

ओव्हरकॉलसारख्या निर्णयांमुळेच ब्रिजला जुगारापासून वेगळे मानले जाते. पाने वाटली जातात ती नशिबाने. त्यांचे काय करायचे हे खेळाडू ठरवतो. भारतीय न्यायव्यवस्थेनेही हा भेद मान्य केला आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. ते सांगताना न्यायालयाने ब्रिजचा दाखला दिला: रमीतील दैवाचा भाग हा ब्रिजच्या वाटपातील दैवासारखाच आहे. हा खटला जुन्या हैदराबाद संस्थानाच्या जुगारविषयक कायद्याखाली उभा राहिला होता. नांदेड आणि लातूरचा प्रदेशही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळण्याची तरतूद आहे.

२०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तेथे प्रणव वर्धन व शिवनाथ सरकार या कोलकात्याच्या जोडीने पुरुष जोडी प्रकारात सुवर्णपदक मिळवले. पुरुष संघाला व मिश्र संघाला कांस्यपदके मिळाली. पुरुष संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी, तर मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा यांचा समावेश होता. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक पटकावले.

ब्रिजला चार खेळाडू आणि एक नियमित बैठक लागते. मोठ्या शहरांबाहेर ही सोय सहज होत नाही. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’सारख्या संकेतस्थळांमुळे आता कोणत्याही गावातून जगभरातील खेळाडूंबरोबर खेळता येते. डाव संपल्यावर चारही हात उघडे पाहता येत असल्याने दिलेला ओव्हरकॉल आणि न दिलेला ओव्हरकॉल अशा दोहोंची किंमत तपासणे तेथे शक्य होते.